ती खुर्ची

राज्यशास्त्राच्या ट्यूटोरियलसाठी सरांनी मला ‘लष्करी राजवट’ हा विषय दिला. ग्रंथालयात वाचता वाचता नायजेरियातील एका नौदल अधिकाऱ्याची हकिकत हाती लागली आणि ट्यूटोरियल बाजूलाच राहिले.

त्याचे नाव आल्फ्रेड डिएटे-स्पिफ. मे १९६७ मध्ये जनरल गोवनने देशाची १२ राज्ये पाडली आणि रिव्हर्स राज्यावर याला लष्करी गव्हर्नर नेमले. वय अवघे २४! माझ्याहून पाचच वर्षांनी मोठा. त्याला कोणी मत दिले नव्हते. त्याच वर्षी बियाफ्राचे युद्ध पेटले. मे १९६८ मध्ये पोर्ट हार्कोर्ट केंद्राच्या फौजांनी घेतले. युद्धानंतर राज्य उभे करायचे काम याच्यावर आले. १९७२ मध्ये तेथे विज्ञान-तंत्रज्ञान महाविद्यालयही निघाले. वाचताना मला त्याचा हेवा वाटला.

मग ३० जुलै १९७३ आला. गव्हर्नरचा वाढदिवस. नेमकी त्याच दिवशी मिनेरे अमाकिरी या वार्ताहराची शिक्षकांच्या गाऱ्हाण्यांची बातमी छापून आली. वाढदिवसाला गालबोट लागले! गव्हर्नरच्या एडीसीने अमाकिरीला पकडून आणवले. त्याचे डोके भादरले गेले, पाठीवर २४ फटके बसले.

मी पुस्तक मिटले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अण्णा हमाली करतात. मी आठवीत असताना एका दाखल्यासाठी आम्ही कचेरीत गेलो होतो. साहेबाने अण्णांना सर्वांदेखत हाकलून दिवसभर व्हरांड्यात उभे केले. परतताना अण्णा एवढेच म्हणाले, “शिक, अन् त्या खुर्चीत बस.”

तेव्हापासून मी ती खुर्ची स्वप्नात पाहत आलो. खरे सांगायचे तर त्या स्वप्नात मी खुर्चीत असतो आणि तो साहेब व्हरांड्यात उभा असतो. हातात छडी नसते, एवढेच!

सुट्टीत गावी गेलो तेव्हा ही गोष्ट अण्णांना सांगितली. त्यांनी विचारले, “मग त्या पेपरवाल्याला कुणी वाली भेटला का?”

“१९७४ मध्ये कोर्टाने त्याला नुकसानभरपाई द्यायला लावली. गव्हर्नर १९७५च्या सत्तापालटात गेला.”

अण्णा बराच वेळ विडी ओढत बसले. मग म्हणाले, “तू खुर्चीत बसलास ना, की व्हरांड्यात एक बाकडं टाक बाबा. माणसं उभी नको राहायला.”

ट्यूटोरियल अजून लिहायचे आहे.