द्राक्षमळ्यातला मुक्काम

सांगली जिल्ह्यातील तासगाव, पलूस आणि मिरजेच्या पूर्व भागात अनेक शेतकऱ्यांचे घर द्राक्षमळ्यातच असते. मळ्यातल्या घरी पाहुणा ठेवण्याच्या प्रथेला इटलीने १९८५ मध्ये कायद्याची चौकट दिली. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. शेजारच्या साताऱ्यात मात्र सुट्टीचे घर म्हणजे बहुधा पाचगणी-महाबळेश्वरचा बंगला. त्या बंगल्यापेक्षा मळ्यातली शांतता निराळी असते, तिला कामाची लय असते, आणि तीच अधिक मोलाची.

वेलीचे वर्ष दोन छाटण्यांत विभागते. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी काड्या घडवते, ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी घड आणते. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला, तर डावणी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने घरातल्यांची झोप उडते. म्हणून मुक्कामाला जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम: घडांत साखर भरत असते आणि मांडवाखाली दुपारीही गारवा राहतो.

याच भागात थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेला तास-ए-गणेश हा वाण रुजला. पलूसला वाइन पार्क उभारले गेले, तरी वाइनचा जम नाशिककडे अधिक बसला. सांगलीची खरी ओळख बेदाण्याची. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेले घड शेडमधील जाळ्यांवर सुमारे दोन आठवडे सावलीत वाळतात. पाहुण्याने हे शेड आवर्जून पाहावे. या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.