आईनंतर बायको?

एम. जी. रामचंद्रन यांचा १९५६ सालचा एक तमिळ सिनेमा आहे, 'तायक्कु पिन् तारम'. म्हणजे आधी आई, मग बायको. पुढे १९६१ मध्ये त्यांचाच 'ताय सोल्लै तट्टादे' आला. आईचा शब्द मोडू नको! नावातच सगळी शिकवण. तिकडचा हीरो पोरीवर प्रेम करतो, गाणी म्हणतो, पण तिचा नंबर दुसराच.

आम्हा बेळगावकडच्या बायकांना यात परकं काही वाटत नाही. रजनीकांतचा 'मन्नन' (१९९२) हा राजकुमारच्या कन्नड 'अनुराग अरळितु'वरूनच केलेला. दोन्हीकडे आई एकच, पंढरीबाई. मुलगा आजारी आईची सेवा करतो ते बघून डोळ्याला पदर लागतोच की हो. मुलगा स्वतःच्या हातानं करतो, ते मला फार आवडतं. पण त्याची बायको कारखान्याची मालकीण असते, आणि शेवटी ती खुर्ची सोडून घर सांभाळायला येते. तिथं माझं मन अडतं.

लेकाचं लग्न ठरलं तेव्हापासून जास्तच अडतं. भेटेल ती बाई म्हणते, "आता गेला बघ मुलगा हातातून!" जणू आई आणि सून ही दोन टोकं, आणि मध्ये दोरी म्हणून पोरगा.

मला श्रीविद्या आठवते. १९७५ च्या 'अपूर्व रागंगल'मध्ये ती रजनीकांतची बायको होती. त्याचा तो पहिलाच सिनेमा. सोळा वर्षांनी मणिरत्नमच्या 'तळपती'त तीच त्याची आई झाली. खरं तर ती त्याच्याहून लहान! तो हीरोच राहिला, वय वाढलं ते फक्त तिचं. त्या सिनेमात सूर्याला शेवटी आई मिळते, पण ज्या मुलीवर जीव होता ती आधीच दुसऱ्याची झालेली असते, तीही त्याच्याच भावाची.

सांगा बरं मैत्रिणींनो, आई आणि बायको या दोन वेगळ्या बायका आहेत का? कालची सून आजची सासू. मीही या घरात नवी आले तेव्हा दुसऱ्या नंबरावरच होते. आता पहिला नंबर मिळाला म्हणून तो मिरवू कशाला?

म्हणून मी लेकाला आत्ताच सांगून ठेवलंय. माझं जेवण दिवे लागायच्या आत असतं, ते तुला ठाऊक आहे. त्यासाठी तिनं ऑफिसातून धावत यायचं नाही. मला होतंय तोवर मी करीन. न झालं तर तू कर. सेवा तुला करायची आहे ना, मग तुझ्याच हातानं कर.

तो म्हणाला, "आई, मला तर नीट भातही येत नाही."

म्हटलं, लग्नाला अजून तीन महिने आहेत. ये स्वयंपाकघरात.