देवगिरीचं पाणी

पैठण तालुक्यात वाढलेल्या माणसाला देवगिरी आधी कळतो तो नाथांमुळे, म्हणजे संत एकनाथांमुळे. यादव, खिलजी, तुघलक ही मंडळी पुढे शाळेत भेटतात. त्याआधी घरात, कीर्तनात, नाथषष्ठीला जाणाऱ्या दिंडीत कानावर पडलेलं असतं, की पैठणचं एक पोर कुणाला न सांगता घर सोडून देवगिरीला गेलं, तिथले किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्या पायाशी राहिलं आणि हिशेबातली एका पैची चूक मध्यरात्री सापडली तेव्हा आनंदानं टाळ्या पिटू लागलं. पाचोडहून पैठण जवळ. त्यामुळे ते पोर आमच्याच शिवारातलं वाटायचं. किल्ला मात्र मी शाळेच्या सहलीत पाहिला होता, म्हणजे पळत वर गेलो आणि पळत खाली आलो.

यंदा मार्गशीर्षात पुतणीचा फोन आला. ती छत्रपती संभाजीनगरला शिकायला आहे. शहरातून सकाळी निघायचं, गाईडबरोबर सबंध किल्ला बघायचा आणि संध्याकाळी परत, अशी एक सहल होती. "काका, तुमचंही नाव घातलंय. बाग ताणावर आहे, आता कारण सांगू नका," असं म्हणाली. खरंच होतं ते. आंबे बहार धरायचा तर या दिवसांत मोसंबीचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, आणि मग जानेवारीत पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. वर्षातले हेच काही दिवस असे, की मोटर, वीज आणि विहिरीचा तळ यांच्या मागं धावावं लागत नाही. पाचोडहून पहाटेची एसटी पकडली. आडूळ, चित्तेपिंपळगाव, झाल्टा फाटा करत शहरात पोचलो तेव्हा पुतणी क्रांती चौकात गाडीपाशी उभी होती.

गाडीत नागपूरचं एक निवृत्त जोडपं, ठाण्याचं एक कुटुंब, पुण्याची काही नोकरदार पोरं, आणि आम्ही दोघं. छावणी, मिटमिटा, शरणापूर फाटा मागे पडला आणि डोंगर समोर आला. आजूबाजूच्या सगळ्या रांगांपासून तुटून तो एकटाच उभा आहे. खालून वर सुमारे 200 मीटर. रस्त्याच्या कडेला पेरूवाले बसले होते. दौलताबादचा पेरू आणि सीताफळ आमच्याकडच्या बाजारातही नाव सांगून विकतात. फळ बघितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही, पण गाईड दारात थांबला होता.

गाईड म्हणजे दौलताबादचेच एक साठीला टेकलेले गृहस्थ. सगळे त्यांना मामा म्हणत होते, मीही म्हणू लागलो. त्यांनी सुरुवात कुठल्या राजापासून केली नाही. दारात उभं करून म्हणाले, "आधी डोंगराकडं नीट बघा. खालचा भाग सरळ का दिसतो?" ठाण्याच्या मुलानं सांगितलं, निसर्गानं तसाच केला असेल. मामा म्हणाले, "निसर्ग उतार ठेवतो. हा माणसानं तासलाय." डोंगराचं बूड चारही बाजूंनी उभं छाटलेलं आहे. पाय ठेवायला खाच राहू नये, शिडी टेकू नये, म्हणून. यादवांच्या काळापासून हे काम झालं. पाचव्या भिल्लमानं बाराव्या शतकाच्या अखेरीस इथं राजधानी केली, एवढं पाठ्यपुस्तकात होतं. पण राजधानी करणं म्हणजे नेमकं काय करणं, हे त्या ओळीत नव्हतं.

मला काळा पाषाण माहीत आहे. आमच्याकडे विहीर खणताना आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि मग काळा पाषाण लागतो. तो लागला की घरातल्या माणसांचे आवाज बदलतात. कारण पुढं प्रत्येक हात खोलीला पैसा ओतायचा आणि पाणी लागेलच असं नाही. हा दगड पाणी पोटात धरत नाही. भेगा असतील, दोन थरांमध्ये फट असेल, तिथंच काय ते झिरपतं. विहिरीच्या कामावर तरी सुरुंग असतात, क्रेन असते. इथं छिन्नी आणि घण यांवर अख्ख्या डोंगराचा घेर तासला. वेरूळच्या लेण्यांचं कौतुक करताना आपण सहज मान वर करतो. त्याच जातीचा दगड, त्याच परिसरातले हात, पण देवगिरीच्या या तासलेल्या कड्यापुढं उभं राहून कुणी पाथरवटांचं नाव काढत नाही. मामांनी काढलं, म्हणून मला ते फार आवडले.

महाकोटाचे खिळ्यांचे दरवाजे ओलांडून आत गेलो. तोफा, चांदमिनार, भारतमातेचं मंदिर हे सगळं मामांनी व्यवस्थित दाखवलं. मंदिर मुळात मशीद, 1318 साली कुत्बुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात उभी राहिलेली, आणि त्यातले खांब त्याहून जुन्या देवळांचे. भारतमातेची मूर्ती इथं आली ती हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर. मंडळी फोटो काढत राहिली. मी डाव्या अंगाला हत्ती हौदाच्या काठावर जाऊन उभा राहिलो, आणि खरं सांगायचं तर माझी सहल तिथं सुरू झाली.

सरकारच्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत सगळ्यात मोठं तळं 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल असायचं. ते भरलं तर बागेचा उन्हाळा निघतो. हा हौद त्या मापाच्या कितीतरी पुढचा आहे. चारही बाजू दगडानं बांधलेल्या, खोली दोन पुरुषांहून जास्त. पुतणी म्हणाली, "हत्ती उतरत असतील म्हणून हत्ती हौद?" मामा म्हणाले, "उतरत असतील, नसतील. पण हौद भरायचा कसा, हे विचारा." आणि त्यांनी लांबच्या डोंगरांकडे बोट केलं. तिकडच्या घळींमध्ये तलाव बांधलेले. तिथून भाजक्या मातीच्या नळांतून, खापरी नळांतून, पाणी आपल्या ओढीनं उतरत किल्ल्यापर्यंत यायचं. ना मोटर, ना पंप. फक्त उताराचा हिशेब. तो बोटभर चुकला तर पाणी वाटेतच थांबणार. मला वाटलं, नाथांच्या त्या एका पैच्या गोष्टीला साजेसं काम आहे हे.

पुतणीनं तिथं एक गोष्ट बोलून दाखवली. तिच्या खोलीवर नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं, मधले दिवस टँकर आणि ड्रम. शहराचं पाणी येतं ते आमच्याच तालुक्यातून. पैठणला 1976 साली जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं. त्या नाथसागरातून पाणी उचलतात, फारोळ्याला शुद्ध करतात, नक्षत्रवाडीला चढवतात आणि मग शहराला देतात. सगळा चढ आहे, सगळं विजेवर आहे. एके काळी पैठणचं पोर ज्या दिशेला पायी निघालं, त्याच दिशेला आज नाथसागराचं पाणी लोखंडी नळातून ढकलत न्यावं लागतं. आणि आमची जमीन कालव्याच्या वरच्या अंगाला, म्हणून धरण उशाला असून आम्ही विहिरीच्या भरवशावर. 2012 च्या दुष्काळात टँकरनं पाणी घालून बाग जगवायचा प्रयत्न केला. निम्मी झाडं तरीही वाळली. ती तोडली तेव्हा वडील दोन दिवस शेताकडं फिरकले नाहीत. हौदाच्या काठावर हे सगळं मनात येत होतं आणि खाली तळाशी पावसाचं उरलेलं हिरवं पाणी होतं.

मामांना मी विचारलं, मग तुघलकाचं काय झालं? 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं आणली, दौलताबाद नाव दिलं आणि पुढं परत दिल्लीला गेला. ते म्हणाले, "कारणं पुष्कळ सांगतात. पाणी पुरलं नाही, हेही त्यातच." माझं मत विचाराल तर हे कारण वरचं आहे. किल्ल्याला पुरणारं पाणी आणि शहराला पुरणारं पाणी यांत फरक असतो. डोंगरातले तलाव शिबंदीचा आणि राजवाड्याचा विचार करून बांधले. त्यावर दिल्लीची वस्ती कशी जगणार? तीनशे वर्षांनी मलिक अंबरानं 1610 मध्ये इथून जवळच खडकी वसवली, तीच आजचं संभाजीनगर. त्यानं मात्र शहरासाठी जमिनीखालून नहर आणली. वस्ती वाढवायची तर आधी पाणी बघायचं, हे त्याला समजलं होतं. आज शहर चारी दिशांनी पसरतंय, तेव्हा नहरीतला गाळ काढा असं ओरडून सांगणारी माणसं मोजकीच आहेत.

काळाकोट, चिनी महाल पार केला. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबानं 1687 नंतर कैदेत ठेवलं, तो महाल हाच. मेंढा तोफेवर पोरं चढू पाहत होती, मामांनी दटावलं. मग खंदक. तोही कातळात खोदलेला, भिंत एका बाजूची कड्यातच मिळून गेलेली. मामा सांगत होते, की इथलं पाणी वरखाली करायची सोय होती, शत्रू आला की पाणी वाढवून जुना पूल बुडवून टाकायचा. म्हणजे पिण्याचं पाणी आणि लढण्याचं पाणी, दोन्ही याच डोंगरानं सांभाळलं.

त्यापुढं अंधारी. डोंगराच्या आतून वर नेणारा वळणावळणाचा भुयारी रस्ता. वटवाघळांचा वास, पायऱ्या उंचसखल. मामांनी मशाल पेटवली, चार पावलं गेल्यावर विझवली. ठाण्याच्या मुलानं आईचा पदर घट्ट धरला. मोबाइलचे दिवे लावायचे नाहीत, असं मामांनी आधीच बजावलं होतं. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून त्यावर जाळ करायचे, धूर खाली सोडायचे. इब्न बतूतानं इथल्या तळघरातल्या मांजरांहून मोठ्या उंदरांविषयी लिहून ठेवलंय, हे पुतणीनं नेमकं त्या अंधारात सांगितलं. नागपूरच्या काकू "पुरे गं बाई" म्हणाल्या.

एवढं करूनही किल्ला पडलाच. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक आला, रामदेवराय वर जाऊन बसले, आणि घाईत वर नेलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, अशी कथा आहे. 1633 मध्ये महाबतखानाच्या वेढ्यातही आतली माणसं उपासमारीनं टेकीला आली. मामांच्या सगळ्या कथनात भूक आली, फितुरी आली. तहान कुठं आली नाही. हे मी मुद्दाम त्यांना म्हणून दाखवलं. ते थांबले आणि म्हणाले, "दादा, एवढी वर्षं लोकांना फिरवतोय, हे असं कुणी म्हणालं नव्हतं."

बारादरीपाशी बरीच मंडळी बसली. ही इमारत शाहजहानसाठी 1636 मध्ये बांधलेली, वारा छान लागतो. आम्ही दोघं मामांबरोबर वर गेलो. शिखराच्या जरा खाली जनार्दनस्वामींची गुहा आहे, आत पादुका. स्वामींच्या काळात गडाला गुरुवारी सुट्टी असायची, असं मामांनी सांगितलं. मी पायताण काढून आत बसलो. तिथं एक गोष्ट अशी उलगडली, की जिच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. नाथांच्या ज्या कथा आम्ही लहानपणापासून ऐकल्या, त्या बहुतेक पाण्याच्या आहेत. रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. त्यांच्या घरी श्रीखंड्या होऊन देव राहिला तो बारा वर्षं पाणीच भरत राहिला. पैठणच्या वाड्यातला तो रांजण आजही तुकाराम बीजेपासून लोक भरतात, आणि तो वाहू लागला की श्रीखंड्याची कावड पडली म्हणतात. आणि 1599 मध्ये देह ठेवला तोही गोदावरीच्या पाण्यात. ज्या गडावर थेंबाथेंबाचा हिशेब ठेवत होते, तिथं ज्याची घडण झाली त्यानं पुढं तहानलेल्या जनावरासाठी तीर्थ ओतून दिलं. पाण्याची किंमत कळलेला माणूसच असं करू शकतो, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी पुतणीला शहरात सोडून, पेरूची पिशवी घेऊन रात्री पाचोडला आलो. आजी जागी होती. तिला सगळं सांगितलं. कडा, खंदक, भुयार. ती ऐकत होती. मग म्हणाली, "रोजाला काय देत व्हते?"

मला सांगता आलं नाही. मामांनीही सांगितलं नव्हतं. ती 1972 च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती. माझे वडील तेव्हा अंगावर पीत होते, त्यांना लुगड्याच्या झोळीत ठेवून टोपली उचलायची. मुकादम हजेरी मांडायचा, पोरांना सुकडी मिळायची. त्या तलावात आजही पावसाळाभर पाणी थांबतं आणि खालच्या विहिरींना उतरतं, आमचीही त्यातच. कुठं किती खोल गेलं की पाषाण लागला, कुठल्या बाईचा हात टिकावाखाली आला, हे ती मध्यरात्रीपर्यंत सांगत बसली. मी वही काढून लिहून घेतलं, नावांसकट.

तिला आता देवगिरी बघायचा आहे. गुडघे पायऱ्यांना तयार नाहीत, गुहेपर्यंत जाणं व्हायचं नाही. पण हत्ती हौद दरवाज्यापासून जवळच आहे, वाट सपाट आहे. बागेचा ताण तोडून पहिलं पाणी दिलं, की तिला घेऊन जाणार आहे. मामांना तसा फोन केला, ते म्हणाले, खुर्चीची सोय करतो.