कंसातली ओळ

आखजीला बाबांच्या नावची पहिली घागर भरत होतो. कोऱ्या मडक्यावर पाणी पडलं, ओल्या मातीचा वास उठला आणि खिशातला फोन वाजला : ‘बाबा, बीपीची गोळी, सकाळी आठ.’ माघापासून रोज वाजतो, रोज मी तो गप्प करतो. त्या दिवशी हात चालेना.

घरातल्यांच्या औषधांची एक साधी टेक्स्ट फाइल मी ठेवलीय. ओळीला एक औषध. छोटासा प्रोग्राम ती वाचून आठवण देतो. बाबांची ओळ सातवी. सेड या मजकूर ओळीओळीनं बदलणाऱ्या साधनाला सातचा आकडा आणि पुढे डी एवढं सांगितलं, की संपलं.

पण आकड्यानं ओळ उडवण्यावर माझा जुना राग आहे. नोकरीत नवा होतो. एका यादीतली तिसरी ओळ काढली, मग पाचवी. तिसरी जाताच खालच्या सगळ्या वर सरकल्या होत्या. गेली ती मुळातली सहावी. ती परत मिळाली नाही.

सेड हे साधन ली मॅकमहॉन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७३-७४ साली घडवलं. एकेक ओळ समोरून जाऊ द्यायची, हवी तिथंच हात लावायचा आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय मूळ फाइलला धक्का लावायचा नाही, ही त्याची रीत. या रीतीवर माझा जीव आहे.

आमच्या ओसरीवर एकदा बाबा सातबारा उलगडून बसले होते. हातानं लिहिलेला, घड्यांवर विरलेला. आजोबांच्या नावाला कंस, शेजारी फेरफाराचा नंबर. ‘आबांचं नाव खोडलं काय?’ मी विचारलं.

‘खोडत नसतात रे. कंसात टाकतात.’

माझ्या फाइलीत ओळीच्या सुरुवातीला हॅश लावला, की प्रोग्राम ती सोडून पुढे जातो. ओळ जागेवर राहते. तेच करायचं ठरवलं, आणि नावानं हाक मारून : जिथं ‘बाबा’ असेल तिथं हॅश. फाइल न बदलता आधी नुसतं पडद्यावर पाहिलं. हॅश दोन ओळींना लागला होता.

दुसरी आठवी होती. ‘आई, थायरॉइड, सकाळी सहा, बाबा देतात.’

बाहेर भेंडवळच्या घटमांडणीला जायची बोलणी चालली होती. मी स्वयंपाकघरात गेलो.

‘आई, सकाळची गोळी कोण देते आता?’

‘तुह्या बाबांनं डब्यात काढून ठेवल्या होत्या ना. त्याच चालू हायेत.’

डबा उघडला. सहा उरल्या होत्या.