बुटाने 'आ' केला, तोही माथेरानात!

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून 2024 च्या डिसेंबरात मी आणि आमचे 'हे' दोन दिवस माथेरानला गेलो. लेकीला आजीकडे ठेवलं. "मला का नाही नेत?" म्हणून ती रुसली. हे म्हणाले, "अगं, आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे ना!" तर बाईसाहेबांचं उत्तर तयार, "लग्नालाही मला बोलावलं नव्हतंत!" आता यावर काय बोलणार?

डोंबिवलीहून सकाळची कर्जत लोकल पकडली आणि नेरळला उतरलो. आमच्या मनात होती ती मिनी ट्रेन. पण तिला डबे मोजके आणि माणसं मोप! आमच्यापुढे चारच जण उरले आणि तिकिटं संपली. "येताना बसू," असं एकमेकांना समजावत आम्ही दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सीने गेलो. ती घाटातली वळणं! ह्यांनी सगळा वेळ डोळे मिटून घेतले होते. विचारलं तर म्हणाले, "झोप लागली होती." झोपलेला माणूस पुढची सीट इतकी घट्ट धरून बसतो, हे मला नवीनच कळलं.

दस्तुरी नाक्यावर मोटारीचं राज्य संपतं. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर पुढे मोटार नाही, स्कूटर नाही, हॉर्न नाही. भाजी, गॅसचं सिलिंडर, विटा, सगळं घोड्याच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरून गावात जातं. जवळच्या अमन लॉज स्टेशनातून सुटणारी गाडी नुकतीच गेली होती. नव्याने आलेल्या ई-रिक्षा मोजक्याच आणि त्यांच्यापुढची रांग लांबलचक. "तीनच किलोमीटर तर आहे, चालू!" हे म्हणाले.

वाट सुंदर आहे हो. दोन्ही बाजूंना दाट झाडी, पायाखाली जांभ्या दगडाची लाल माती. माथ्यावरचं रान ते माथेरान, असं म्हणतात ते पटतं. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले आणि जागेच्या प्रेमातच पडले. पुढे इथे बंगले उठले, गाव वसलं. हे सगळं मी ह्यांना अगदी वर्गात शिकवावं तसं सांगत होते. तेवढ्यात मागून आवाज आला. फटक्... फटक्... फटक्! वळून पाहते तर ह्यांच्या उजव्या बुटाचा सोल पुढून सुटलेला. प्रत्येक पावलाला बूट मगरीसारखा 'आ' करत होता आणि लाल माती गिळत होता. मी रुमाल बांधला. वीस पावलांत रुमाल फाटला.

तेवढ्यात हातरिक्षावाले आले. दोन मोठी चाकं, मध्ये खुर्ची. पुढून एक जण ओढायचा आणि मागून दोघं ढकलायचे. "बसा साहेब, असे किती चालणार?" ओढणारे काका म्हणाले. वयाने ते माझ्या वडिलांएवढे असतील. हे गडबडलेच. "नको काका, तुम्ही ओढणार आणि मी बसणार? नाही जमायचं मला."

काका हसले. "साहेब, सगळे असंच म्हणून चालत गेले तर आमची चूल कशी पेटायची?"

आता आली का पंचाईत! बसावं तर मनाला बरं वाटेना, न बसावं तर त्यांचा रोजगार बुडतो. शेवटी ह्यांनीच तोड काढली. आमच्या दोन बॅगा आणि तो उघडा बूट खुर्चीवर ठेवला, भाडं ठरल्याप्रमाणे पुरतं द्यायचं कबूल केलं. मग काय! बॅगा राजासारख्या रिक्षात आणि आम्ही मागून पायी. ह्यांच्या एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. घोड्यावरून जाणारी एक चिमुरडी ओरडली, "आई, बघ, बॅगा फिरायला आल्यात!" काकासुद्धा थांबून हसले. चढ लागला की मात्र त्यांचं हसणं बंद व्हायचं, फक्त श्वासाचा आवाज यायचा. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असा आदेश दिला. पेपरातली ती बातमी ह्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली. काकांना मिळायला हवी ई-रिक्षा.

तर, बाजारात पोचल्यावर ह्यांनी आधी चपला घेतल्या. माथेरानचा बाजार चपलांसाठी आणि चिक्कीसाठी प्रसिद्ध आहे. जुने बूट चपलांच्याच पिशवीत कोंबले. दुसऱ्या दिवशी सकाळी एको पॉइंटला गेलो. ह्यांनी "ओऽऽ" केलं, दरीने "ओऽऽ" केलं आणि त्याच क्षणी एका माकडाने पिशवी पळवली! त्याला वाटलं असणार, चिक्की आहे. झाडावर बसून त्याने ऐटीत बूट बाहेर काढला, हुंगला, एक चावा घेतला. मग त्याने जे तोंड केलं, ते पाहून माझी हसून हसून पुरेवाट झाली. बूट धप्पकन खाली आला. पिशवी मात्र त्याने ठेवून घेतली.

परतीला वेळेच्या खूप आधी रांग लावली आणि एकदाची मिनी ट्रेन मिळाली. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांचे कष्ट, यांतून 1904 ते 1907 या काळात ही रेल्वे उभी राहिली. हिचे रूळ फक्त दोन फुटांच्या अंतरावर. तुमच्या दोन मोठ्या पट्ट्या एकापुढे एक ठेवा, तेवढंच! रूळ असे जवळजवळ असल्यामुळे गाडीला अगदी कमी जागेत वळता येतं. सगळ्यात अवघड ठिकाणी वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर चढ, याहून जास्त चढ तिला दिलेला नाही. म्हणूनच सुमारे आठशे मीटर उंचीवरचं माथेरान गाठायला ती वळसे घेत घेत जवळजवळ वीस किलोमीटर धावते. धावते कसली, रमतगमत जाते. ह्यांनी वळणं मोजायला घेतली. वॉटर पाइप स्टेशन येईपर्यंत आकडा चुकला, पुन्हा एकपासून सुरू केलं, जुम्मापट्टीला परत चुकला. मग समोरच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही फक्त डावी मोजा, मी उजवी मोजतो." उतरताना दोघांची बेरीज काही जमली नाही, पण दोस्ती जमली.

नेरळच्या फलाटावर हे अनवाणीच उतरले. नव्या चपला हातात. चावल्या होत्या!