वॅटांचा हिशेब

शाळेच्या वार्षिकांत शिक्षकानें लिहावयाचें म्हणजे विद्यार्थ्यांच्या चुकांविषयीं लिहावयाचें, असा एक रूढ समज आहे. या खेपेस आम्ही आमच्याच एका चुकीची हकीकत सांगणार आहों. ती चूक विजेच्या विषयांत घडली, आणि हा विषय तर आम्ही आज वीस वर्षें दहावीच्या वर्गास शिकवीत आलों आहों. म्हणून तिची लाज अधिक.

गतवर्षीं मे महिन्यांत आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांसह आमच्या घरीं आला. घर देवळी तालुक्यांतलें, धंदा कपाशीच्या शेतीचा. मुलास इमारतींचे आराखडे संगणकावर काढावयास शिकावयाचें होतें, व त्यासाठीं घरच्या संगणकांत ग्राफिक्स कार्ड बसवावयाचें होतें. कपाशीच्या पैशांतून वडिलांनीं त्यापुरती रक्कम बाजूस काढून ठेविली होती. कोणतें कार्ड घ्यावें हें मुलानें ठरविलेंच होतें. आमच्याकडून केवळ होकार हवा होता. निघतांना वडील दारांत थांबले व म्हणाले, "गुरुजी, मले यातलं काही समजत नाही. पण आम्ही विहिरीवर मोटर बसवतो, तेव्हा डीपीवर लोड किती आहे ते आधी पाहतो. याचं तसं काही नसते का?"

आम्ही हंसलों. संगणकास वीज पुरविणारी जी पेटी, जिला बाजारांत एसएमपीएस म्हणतात, तिच्यावर ४५० वॅट असें ठळक छापलें असल्याचें मुलानें सांगितलें होतें. "ही कांहीं पांच हॉर्सपॉवरची मोटर नव्हे, भाऊ. साडेचारशें वॅट पुष्कळ झाले," असें आम्हीं ऐटींत सांगितलें, आणि त्या भल्या गृहस्थांनीं तें मानिलें.

कार्ड बसलें. त्यास लागणारी आठ टाचण्यांची तार जुन्या पेटींत नव्हतीच. दुसऱ्याच तारांना जोड लावून काम भागविण्यांत आलें. ही पहिली सूचना होती, पण ती कोणीं ऐकिली नाहीं. साधें लिखाण करीपर्यंत यंत्र नीट चाले. आराखड्याचें जड काम सुरू केलें कीं पडदा एकाएकीं काळा होई. मुलानें फोन केला, तेव्हां आम्हीं गांवच्या विजेस दोष दिला. नवतपा चालू होता, पारा ४५ अंशांच्या वर गेला होता, आणि वीज येत-जात होती. त्यामुळें दोष देणें सोपें होतें. चौथ्या दिवशीं खोलींत जळका वास सुटला. पेटी गेली, व जातांना मदरबोर्डहि घेऊन गेली. कार्ड तेवढें वांचलें.

ती मेलेली पेटी आम्हीं टेबलावर ठेवून तिच्यावरील बारीक अक्षरांची पट्टी प्रथमच नीट वाचली. ही पेटी भिंतींतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेपासून मुख्यतः १२, ५ व ३.३ व्होल्टच्या तीन वाटा काढून देते. आजच्या संगणकांत प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हे दोघे मोठे खाणारे जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेनेंच घेतात. त्या वाटेपुढें लिहिलें होतें, १६ अँपिअर. दाबास प्रवाहानें गुणिलें म्हणजे शक्ति मिळते, हें सूत्र आम्हीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल! बारा गुणिले सोळा, म्हणजे १९२ वॅट. ठळक आकड्यांतील बाकीचे वॅट इतर वाटांनीं भरून काढिले होते, आणि त्या वाटांना आतां फारसें काम उरलेलें नाहीं.

मग वही घेतली. मुलाचा प्रोसेसर कोअर आय-फाइव्ह १२४०० जातीचा. तो भर कामांत ११७ वॅटपर्यंत घेतो. आरटीएक्स ३०६० हें कार्ड १७० वॅट घेतें. दोघांचे मिळूनच २८७ झाले. मदरबोर्ड, मेमरी, डिस्का व पंखे यांचे सुमारें ८० धरिले म्हणजे एकंदर ३६७. जेथें १९२ मिळावयाचे तेथें आम्हीं त्याच्या दुपटीजवळ जाणारा भार घातला होता! पांच मिनिटांची ही बेरीज आधीं केली असती, तर एका शेतकऱ्याचे पैसे वांचले असते.

नवी पेटी घेण्यास आम्ही तिघेहि वर्ध्याच्या बाजारांत गेलों. या वेळीं हिशेब खिशांत होता. ३६७ वर तिसरा हिस्सा वाढवा ठेविला, तो ४८९ आला. हा वाढवा चैनीचा नव्हे. कार्ड क्षणमात्र आपल्या नेहमींच्या भुकेपेक्षां पुष्कळ अधिक वीज ओढतें. पेटीहि वर्षें जातील तशी थकते. शिवाय कोणत्या उष्णतेंत छापील वॅट मिळतील, हें प्रत्येक पेटीचें निराळें असतें. कोणाची खात्री २५ अंशांची, कोणाची ४०, कोणाची ५०. आमच्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत २५ अंश पहाटेसहि दुर्मिळ. म्हणून ५० अंशांचीच पेटी मागितली. कार्ड करणाऱ्यांचीहि शिफारस ५५० वॅटचीच होती.

दुकानदार मात्र ८५० वॅटच्या पेटीचा आग्रह धरून बसला. तेव्हां वडिलांनीं विचारिलें, "मोठी पेटी वीज जास्त खाते का?" तसें नाहीं. पेटी मागणी असेल तेवढेंच देते. मोठ्या डीपीवर लहान मोटर लाविली म्हणून मोटर अधिक पाणी ओढत नाहीं. फक्त किंमत वाढते. आम्हीं ५५० वॅटची घेतली. तिच्या १२ व्होल्टच्या वाटेवर ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट, लिहिलेले पाहूनच घेतली. तिच्यावर '८० प्लस' ची खूणहि होती. ही कसोटी २००४ सालीं सुरू झाली. घेतलेल्या विजेपैकीं निदान ऐशीं टक्के पेटीनें यंत्रास पोंचवावी व बाकीचीच उष्णतेंत जावी, असा तिचा अर्थ.

एक गोष्ट तरीहि राहिली होती. पेटीनें शेंकडा ८५ पोंचविली असें धरलें, तर ३६७ वॅट देण्यास भिंतींतून सुमारें ४३२ घ्यावे लागतात. मुलाच्या घरचा यूपीएस ६०० व्हीएचा. असले यूपीएस सामान्यतः ३६० वॅटच पेलतात. भर कामांत वीज गेली असती तर त्यानें मान टाकली असती. तो बदलून १,००० व्हीएचा घेतला. मदरबोर्डाचा खर्च आम्हीं देऊं केला, वडील घेईनात. पुष्कळ आग्रहानें अर्धा घेतला.

वाटेंत आम्हीं त्यांस म्हटलें, "भाऊ, तुम्हीं पहिल्याच दिवशीं बरोबर विचारिलें होतें." ते म्हणाले, "मले वाटलं, कॉम्प्युटरचं निराळं असन."

निराळें नव्हतें. विद्यार्थ्यांनो, तुमच्या आईवडिलांस यंत्राचें नांव ठाऊक नसेल. पण कोणावर किती भार घालावा, हें त्यांनीं मोटर जाळून, पैसे भरून शिकलेलें असतें. त्यांचा प्रश्न हंसण्यावारी नेऊं नका. तो वहींत लिहून घ्या व त्याचें उत्तर आंकड्यांत काढा. आम्हीं तें केलें नाहीं, म्हणून ही हकीकत लिहावी लागली. या वर्षीं वीज हें प्रकरण आरंभितांना आम्हीं फळ्यावर सूत्राच्या आधीं तो प्रश्न लिहिला: डीपीवर लोड किती?