थ्री नॉट थ्रीची नळी

लांबी 64 सेंटिमीटर. बाहेरून ती दिसतच नाही, कारण तिच्यावर वरूनखालून लाकूड चढवलेलं असतं. तिचं खरं रूप बघायचं तर रायफलचा बोल्ट काढायचा, नळीचं तोंड उजेडाकडे करायचं आणि मागून एक डोळा लावायचा. आत पाच खाचा दिसतात, डावीकडे वळत वळत गेलेल्या. दर दहा इंचांना एक पूर्ण फेर. नळी निरोगी असेल तर या खाचा आरशासारख्या चमकतात आणि त्यांच्या कडा धारदार दिसतात. पोलीस मुख्यालयातले जुने आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणारे, नव्या शिपायाला रायफलबद्दल काही सांगण्याआधी हेच करायला लावतात : ‘बाबू, आधी नळी पाह्य, मग बोल.’

या नळीच्या रायफलचं कागदोपत्री नाव ली-एनफिल्ड. पण महाराष्ट्राच्या पोलीस ठाण्यांत ती कायम थ्री नॉट थ्री म्हणूनच वावरली. गोंदिया, सालेकसा, देवरीकडच्या माणसाला बंदुकीची आणखी एक जात ठाऊक असते, भरमार. तोंडातून दारू ठासायची, वरून शिशाचे छर्रे किंवा गोळी सोडायची. भरमारची नळी आतून सपाट असते आणि गोळीचा वेगही बेताचा, त्यामुळे शिसं उघडं असलं तरी चालून जातं. थ्री नॉट थ्रीला हे चालत नाही. तिची गोळी सेकंदाला साधारण 744 मीटर वेगाने बाहेर पडते. एवढ्या वेगात उघडं मऊ शिसं खाचांना धरून राहत नाही. ते खरवडलं जातं, नळीला लिंपून बसतं, आणि पुढच्या चार गोळ्या कुठे जातील याचा नेम राहत नाही. म्हणून शिशावर कवच आलं. स्विस लष्करातल्या एदुआर्द रुबिन यांनी 1882 साली तांब्याचं कवच असलेली गोळी तयार केली. ब्रिटिशांनी 1888च्या ली-मेटफोर्ड रायफलसाठी तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूचं कवच घेतलं. पुढे तांबं-जस्ताचं, सोनेरी झाक असलेलं कवच रुळलं.

गोळी नळीपेक्षा किंचित जाड असते, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत विलक्षण वाटतं. नळीची आतली रुंदी 7.7 मिलिमीटर, गोळीची 7.9. म्हणजे प्रत्येक गोळी नळीत कोंबली जाते. पोलाद हटत नाही, कवचाला हटावं लागतं. खाचांमधले उंचवटे कवचात रुततात, गोळीला पीळ बसतो, आणि ती मिनिटाला पावणेदोन लाख फेऱ्यांच्या गतीने गरगरत बाहेर पडते. तांबं पोलादापेक्षा मऊ आहे म्हणूनच हे जमतं. कवच स्वतःवर ओरखडे घेतं आणि नळीला वाचवतं.

तरीही नळी झिजली की आळ कवचावर येतो. हा आळ मला अन्यायाचा वाटतो, आणि इतिहास कवचाच्या बाजूने साक्ष देतो. विल्यम मेटफोर्डने आखलेल्या खाचा उथळ आणि गोलसर होत्या, काळ्या दारूसाठी अगदी योग्य. कवचाची गोळी त्यांतून बिनतक्रार जात होती. मग 1890च्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली आणि त्याच नळ्या भराभर निकामी होऊ लागल्या. गोळी तीच होती, आग बदलली होती. पहिल्या कॉर्डाइटमध्ये 58 टक्के नायट्रोग्लिसरीन होतं. त्याचे वायू इतके तप्त की नळीच्या घशाशी, म्हणजे काडतूस संपून खाचा सुरू होतात तिथे, पोलादाचा पृष्ठभाग क्षणात तापायचा आणि लगेच निवायचा. असं वारंवार झालं की तिथे सुसरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात, खाचांच्या कडा वाहून जातात. यावर दोन उपाय झाले. 1895 साली एनफिल्डच्या पाच खोल खाचा आल्या. आणि नव्या शतकाच्या तोंडावर सुधारित कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन 30 टक्क्यांवर आणलं. नळी वाचवण्यासाठी दारूचं सूत्र बदलावं लागलं, यातच खरा गुन्हेगार कोण ते आलं.

कवच अगदी निर्दोष आहे असंही नाही. जाताना ते आपला पातळ थर मागे ठेवून जातं. अमोनिया असलेल्या द्रावणात भिजवलेली चिंधी नळीतून ओढली की निळी-हिरवी होऊन येते, ते हेच तांबं. हा थर वाढला तर नेम बिघडतो, पण तो काढता येतो. त्याहून घातक असतं ते जुन्या काडतुसांच्या टोपीतलं रसायन. पोटॅशियम क्लोरेट जळून मागे क्षार उरतो, मिठाचाच भाऊबंद. तो हवेतलं पाणी ओढतो. गोंदियासारख्या भाताच्या, तळ्यांच्या, जंगलाच्या जिल्ह्यात आषाढ-श्रावणात त्याला पाणी शोधावं लागत नाही. क्षार तेलात विरघळत नाही, म्हणून नुसता तेलाचा हात फिरवून भागत नाही. आधी उकळतं पाणी ओतायचं, नळी कोरडी करायची, मग तेल. या क्रमातली पहिली पायरी चुकवली की खाचांत काळे खड्डे पडतात, आणि ते कशानेच भरून येत नाहीत.

1990च्या दशकात निशाणेबाजांमध्ये गोळीच्या तांब्यावर आणखी एक लेप चढवण्याची लाट आली, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा. राखाडी, निसरडा लेप. घर्षण घटतं, तांब्याचा थर हळू साचतो, दाब आणि वेग थोडे उतरतात. पण घशाशी जाळणारी आग तिथेच राहते. लेप गोळीवर असतो, आगीवर नाही. पोलिसांच्या कामात, जिथे वर्षभरात मोजके राउंड झाडले जातात, तिथे या लेपाने नळीचं आयुष्य वाढेल असं मला वाटत नाही.

तिथे नळी मरते ती वेगळ्याच रीतीने. थ्री नॉट थ्री साफ करायची दोरी असते, पुलथ्रू. तिचं वजन मागून सोडायचं, तोंडातून बाहेर घ्यायचं आणि चिंधीसकट ओढायचं. ओढणारा कंटाळलेला असला की दोरी तिरकी जाते आणि नळीच्या तोंडाच्या एकाच कडेला घासते. दोरीला धूळ-रेती चिकटलेली असेल तर तीच कानस होते. वर्षानुवर्षं असं झालं की तोंड गोल राहत नाही, लांबट होतं. शेवटच्या क्षणी गोळीला धरून ठेवणारी जागाच तिरपी झाली, की खाचा कितीही चमकोत, गोळी निशाणापासून हटते. म्हणून आर्मोररने आत डोकावल्यावर दुसरी नजर टाकायची ती नळीच्या तोंडावर. आणि शिपायाला शिकवताना गोळ्यांच्या प्रकारांआधी दोरी धरायला शिकवायचं : रायफल घट्ट धरलेली, दोरी नळीच्या रेषेत, मध्ये न थांबता एका दमात सरळ ओढायची.